मामांच्या अंगठीतलं पोवळं आणि समुद्राच्या तळाचं जंगल

माझ्या मामांना मंगळ आहे. म्हणजे पत्रिकेत आहे, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी वीसेक वर्षांपूर्वी पोवळ्याची अंगठी केली, तीही मंगळवारीच, मंगळवार पेठेतूनच. गेल्या उन्हाळ्यात ते पोवळं पांढुरकं पडायला लागलं. चमक गेली, वरून बोट फिरवलं की खरखरीत लागायचं. मामांचं म्हणणं ग्रह फिरलेत. मी गाडीवर बसवून त्यांना सराफाकडे घेऊन गेलो, त्यानं भिंग लावून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा, जेवताना लिंबू कुठल्या हातानं पिळता?"

उजव्याच. पोह्यावर, उप्पीटावर, आमटीभातावर, मामांना सगळीकडे लिंबू लागतं. सराफ म्हणाला की पोवळं म्हणजे खडा नाही, समुद्रातल्या जनावराचं हाडूक आहे ते, आंबट लागलं की झिजतं. आता मामा आहेत माळकरी, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर चुकवत नाहीत, अंडंसुद्धा घरात येऊ देत नाहीत. ते तिथंच खुर्चीत बसून राहिले. "म्हंजे वीस वर्षं मी हाडूक घालून पूजा करलालोय व्हय?"

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, समुद्राशी माझा संबंध गणपतीपुळ्याच्या दोन ट्रिपांपुरता. पण मामांना काहीतरी नीट उत्तर द्यायला पाहिजे म्हणून त्या रात्री वाचायला बसलो, आणि मग ते वाचन काही सुटेना. खाली जे लिहितोय ते त्यातलंच आहे, आधी मामांना सांगितलेलं, म्हणून सोपं करून.

पोवळं, प्रवाळ, कोरल, सगळं एकाच खानदानातलं. कोरल म्हणजे झाड नाही आणि दगडपण नाही, तो प्राणी आहे, जेलीफिशचा लांबचा भाऊबंद. एकेक जीव नखाएवढा किंवा त्याहूनही लहान, मऊ पिशवीसारखं अंग, वर तोंड आणि तोंडाभोवती मिशांसारख्या सोंडा. अशा एका जीवाला पॉलिप म्हणतात. असे हजारो पॉलिप शेजारी शेजारी चिकटून राहतात आणि बरेचसे स्वतःच्या बुडाखाली चुन्याचं घर बांधत जातात, घरावर घर, घरावर घर. मामांच्या बोटात आहे ते त्या घराचा तुकडा, लाल पोवळ्याचा, जे भूमध्य समुद्रात कपारींत आणि अंधाऱ्या खोल पाण्यात वाढतं आणि ज्याची जाडी वर्षाला एक मिलीमीटरसुद्धा वाढत नाही. मण्याएवढं जाड व्हायला किती वर्षं लागत असतील ते तुम्हीच मोजा.

आपल्याला टीव्हीवर दिसतं ते कोरल वेगळं. निळं पाणी, ऊन, रंगीत मासे, लक्षद्वीप, अंदमान. त्या उथळ पाण्यातल्या कोरलच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतं, म्हणजे छपरावर सोलर बसवल्यासारखंच आहे ते, फुकट वीज. म्हणून त्यांना ऊन पाहिजे, उथळ पाणी पाहिजे, ऊब पाहिजे. आपल्या महाराष्ट्रासमोर विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, तिथलं कोरल पण ह्याच उन्हावाल्या जातीतलं.

पण जगात कोरलच्या जेवढ्या जाती माहीत आहेत त्यातल्या निम्म्याहून जास्त खोल पाण्यात राहतात हे मला माहीतच नव्हतं. तिथं ऊन नाही. दोनशे मीटरच्या खाली उजेड नावालाच उरतो, हजार मीटरवर तर मिट्ट काळोख, आणि दाब आपल्या इथल्या हवेच्या शंभरपट. पाण्याचं तापमान ४ ते १२ अंश. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा ४३ वर जातो, दुपारी दोनला सात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेव्हा घरी येऊन फ्रिजमधली बाटली काढून गालाला लावतो ना आपण, साधारण तेवढ्या गार पाण्यात हे कोरल आयुष्य काढतं. ह्यांना थंड पाण्यातलं कोरल म्हणतात.

सोलर नाही म्हटल्यावर खातात काय? तर हाताला येईल ते. वरच्या उजेडातल्या पाण्यात जे जगतं, मरतं, हगतं, त्याचा बारीक भुगा सतत खाली झिरपत असतो, शास्त्रज्ञ त्याला समुद्रातला बर्फ म्हणतात, आपण आपला माळावरचा फुफाटा समजा. शिवाय पाण्यात तरंगणारे बारीक झिंग्यासारखे जीव असतात. कोरल जागचं हलू शकत नाही, त्यामुळे ते तिथंच वाढतं जिथं पाण्याचा प्रवाह जोरात वाहतो, म्हणजे पाण्याखालच्या टेकड्यांचे माथे, उतार, दऱ्यांच्या कडा, नॉर्वेतल्या अरुंद खाड्या. सोंडा पसरून बसायचं, प्रवाह जेवण आणून देतो. गावजेवणात पंगत बसते आणि वाढपी फिरतो, तसं. आता ह्यात एक गोम आहे, ती पुढं कामाला येईल. जिथं प्रवाह जोरात तिथं मासे पण जास्त, आणि जिथं मासे जास्त तिथं माणूस येतोच.

ह्या खोल कोरलमधलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे लोफेलिया. आता शास्त्रज्ञांनी त्याचं नाव बदलून डेस्मोफायलम पर्टुसम केलंय, पण जुनं नाव सगळ्यांच्या तोंडात बसलंय, आपल्याकडे रस्त्यांची नावं बदलल्यावर होतं तसंच. पांढरं किंवा फिकट गुलाबी-केशरी, बाभळीच्या फांद्यांसारखं वेडंवाकडं गुंतलेलं. शेंड्याकडे वर्षाला अर्धा ते दोन-अडीच सेंटीमीटर वाढतं, आणि सगळा ढीग म्हणून बघितलं तर उंची वर्षाला काही मिलीमीटरच. आधी मला वाटलं की एवढ्याशा वाढीनं काय होणार, पण ह्यांना घाई नाहीये. फांद्या वाढतात, खालच्या मरतात, मेलेल्या फांद्यांच्या जाळीत वाहत्या पाण्यातला गाळ अडकतो, त्यावर परत नवीन फांद्या. आमच्या टर्किश टॉवेलला वर जे धाग्याचे लूप असतात ना, ते पाणी धरून ठेवतात म्हणून टॉवेल पुसतो, साधं कापड तेवढं पुसत नाही. तसंच हे, फांद्यांचे लूप गाळ धरून ठेवतात आणि टेकडी वर येते. आयर्लंडच्या नैऋत्येला चॅलेंजर माउंड नावाची अशी एक टेकडी आहे, २००५ मध्ये तिला वरपासून बुडापर्यंत ड्रिल मारून बघितलं, तर १५५ मीटर उंच आणि सुरुवात साधारण २६ लाख वर्षांपूर्वीची. मधे मधे काम बंद पडलेलं होतं, हिमयुगं आली-गेली, पण टेकडी कोरलनंच बांधलेली.

वयाचा आणखी एक किस्सा. हवाईजवळच्या खोल पाण्यातल्या एका काळ्या कोरलचं वय काढलं, २००९ मध्ये ते छापून आलं, ४,२६५ वर्षं. टेकडीचं नाही, एकाच वसाहतीचं, आणि तीही जिवंत असताना गोळा केलेली. म्हणजे मोहेंजोदारोत लोक विटांच्या गटारी बांधत होते तेव्हा हे बारकं रोपटं होतं.

आणि पसारा म्हणाल तर नॉर्वेच्या उत्तर भागासमोरच्या समुद्रात रोस्ट नावाचं कोरलचं रान २००२ मध्ये सापडलं, ३०० ते ४०० मीटर खोल, पस्तीसेक किलोमीटर लांब. बरीच वर्षं तेच सगळ्यात मोठं लोफेलियाचं रान म्हणून सांगायचे. मग जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोरच्या ब्लेक प्लॅटो ह्या पाण्याखालच्या पठाराचा नकाशा जाहीर झाला, तिथलं कोरलचं क्षेत्र ५०० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ११० किलोमीटर रुंद, त्यात कोरलच्या ढिगांचे ८३,९०८ माथे मोजले. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रभर पळून सोलापूरहून मुंबईला पोचते त्यापेक्षा लांब, आणि हे सापडायला २०२४ उजाडावं लागलं. मामांना मी म्हटलं, "मामा, तुमच्या मंगळाचा नकाशा समुद्राच्या तळाच्या नकाशापेक्षा बारीक काढलेला आहे." त्यांना ते आवडलं, मंगळाकडे लक्ष आहे म्हणाले सरकारचं.

आता ह्या रानात राहतं कोण. अटलांटिकच्या ईशान्य भागातल्या लोफेलियाच्या रानांतून १,३०० च्या वर जाती मोजल्यात. ही नुसती यादी वाचून काही कळत नाही, म्हणून एकाच फांदीजवळ जाऊन बघू. वरचा शेंडा जिवंत, पॉलिपांनी भरलेला, तिथं फारसं कुणी राहत नाही कारण पॉलिप डंख मारतात. गंमत खालच्या मेलेल्या फांद्यांत आहे. तिथं भोकं, कपारी, आडोसे, म्हणून तिथं स्पंज, शिंपले, खेकड्यासारखे लांब हातांचे लॉबस्टर, अंगाची जाळी करून बसणारे तारामासे, सगळ्यांची चाळ. जास्तीत जास्त जाती ह्या मेलेल्या भागातच सापडतात. जुन्या वाड्यासारखं, मालक माडीवर आणि खाली बारा बिऱ्हाडं.

त्यात एक किडा आहे, युनिसी नावाचा, गांडुळासारखा पण लांब आणि जबडेवाला. तो लोफेलियाच्या फांद्यांमधून स्वतःसाठी कागदासारखी पातळ नळी करत जातो. कोरल त्या नळीवर चुना चढवतं, नळी कडक होते, आणि त्या नादात दोन सुट्या फांद्या एकमेकींना जोडल्या जातात. किड्याला पक्कं घर मिळालं, कोरलला वेल्डिंग करून मिळालं. किडा कधीमधी कोरलच्या तोंडातला घास पण पळवतो म्हणे, पण तेवढं चालायचंच, भाडं धरा.

मोठे मासेपण येतात. रेडफिश, टस्क असले थंड पाण्यातले मासे ह्या फांद्यांच्या आडोशाला असतात. स्कॉटलंडजवळ मिंग्युले नावाचं रान आहे, तिथं एक जातीचा बारका शार्क आपली अंडी कोरलच्या फांद्यांत ठेवतो. पिशवीसारखी अंडी फांदीत अडकवून ठेवायची, वाहून जात नाहीत, आणि वाहत्या पाण्यामुळे आतल्या पिल्लाला ताजी हवा. आमच्याकडे बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात ते बघितलंय का? मला तेच डोळ्यापुढे आलं.

एवढं सगळं खाली चाललेलं असताना एके काळी हुशार माणसं म्हणत होती की खाली काहीच नाही. एडवर्ड फोर्ब्स नावाचे ब्रिटिश निसर्ग अभ्यासक, त्यांनी १८४० च्या दशकात एजियन समुद्रातल्या कामावरून मांडलं की साधारण ५५० मीटरच्या खाली जीवसृष्टी संपते. जसजसं खाली जावं तसतसं कमी सापडत गेलं, मग त्यांनी तीच रेघ पुढं ओढली. लोकांना पटलं पण, कारण अंधार, थंडी, दाब, कोण राहील तिथं? मग १८६० मध्ये सार्डिनिया ते आफ्रिका अशी टाकलेली टेलिग्राफची केबल बिघडली, दुरुस्तीला वर ओढली, आणि दोनेक हजार मीटर खोलीवरून आलेल्या तुकड्याला काय चिकटलेलं होतं, तर कोरल. केबलवरच वाढलेलं. जाळ्यात योगायोगानं अडकून आलं म्हणायला जागाच नाही, तिथंच वाढल्याशिवाय ते केबलला असं धरून बसणार नाही.

हे वाचलं आणि मला नान्नज आठवलं. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर माळढोक अभयारण्य आहे, १९७९ चं. पहिल्यांदा गेलेला माणूस विचारतो, अभयारण्य कुठाय? कारण दिसतो तो माळ. गवत, खुरटी झुडपं, क्षितिज. सरकारी कागदावर असल्या जमिनीला पडीक म्हणतात, पडीक म्हणजे कुणाचीच नाही, म्हणजे खोदा, नांगरा, तारा ओढा. आणि तिथंच माळढोक, लांडगा, काळवीट, धाविक. माळढोक एका विणीला एकच अंडं घालतो, जमिनीवर. हळू चालणारा संसार, एक अंडं गेलं की वर्ष गेलं. आता नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. रिकामं दिसतं म्हणून रिकामं समजायचं, आणि हळू वाढणाऱ्याला पटकन मोडायचं, हे दोन्ही आपण माळावर केलं आणि समुद्राच्या तळावर पण. योगायोग म्हणजे आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात माळढोक आणि दगडी कोरल दोघंही शेड्युल एकमध्ये आहेत, वाघाच्या रांगेत.

तळावर मोडायचं काम करतो तळाचा ट्रॉल, म्हणजे तळावरून ओढायचं जाळं, आणि ते ओढणारी बोट म्हणजे ट्रॉलर. हे जाळं कसं असतं ते समजून घ्या म्हणजे नुकसान समजेल. मोठी पिशवीसारखी जाळी, तिचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी दारं बांधलेली, खोल समुद्रातल्या मोठ्या बोटींची ही दारं काही टनांची असतात. तोंडाच्या खालच्या कडेला साखळ्या आणि रबरी-लोखंडी चाकं, खडकाळ तळावर जाळी अडकू नये म्हणून. हे सगळं बोट तासन् तास तळावरून ओढत नेते. वर बोटीवरच्या माणसाला दिसतंय काय, तर दोर. खाली हजार वर्षांचं रान गेलं हे त्याला जाळं वर आल्यावर कळणार, आणि तेव्हा मासा वेगळा करून कोरलचे तुकडे परत पाण्यात.

नॉर्वेचे जुने कोळी गळ टाकून मासेमारी करायचे, त्यांना माहीत होतं की कोरल आहे तिथं मासा आहे. १९८० च्या दशकात मोठे ट्रॉलर त्या भागात घुसले तसे हे कोळी बोंब मारायला लागले की आमच्या जागा संपल्या. मग शास्त्रज्ञांनी कॅमेरे सोडून बघितलं आणि अंदाज काढला की नॉर्वेच्या पाण्यातल्या कोरलच्या रानांपैकी ३० ते ५० टक्क्यांना कमी-जास्त मार बसलाय. १९९९ मध्ये नॉर्वेनं सुला नावाच्या रानावर तळाचा ट्रॉल बंद केला, रोस्टला सापडल्या सापडल्या पुढच्याच वर्षी. मला ह्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की कोळ्यांनी आधी सांगितलं होतं.

स्कॉटलंडच्या वायव्येला डार्विन माउंड्स आहेत, हजारेक मीटर खोल, वाळूच्या बुटक्या टेकड्या आणि त्यावर लोफेलिया. १९९८ मध्ये सापडल्या. दोनच वर्षांनी परत जाऊन बघितलं तर त्यावरून ट्रॉलचे ओरखडे गेलेले. २००३ मध्ये युरोपनं तातडीनं बंदी घातली, नंतर ती कायम केली. चांगलं झालं ना? पण २०११ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, परत कॅमेरे सोडले तेव्हा पूर्वेकडचा जो भाग आधीच चेचला गेला होता तिथं काही म्हणजे काही परत आलेलं नव्हतं. पश्चिमेकडचा भाग, जिथं ट्रॉल फारसा फिरला नव्हता, तो मात्र टिकला. म्हणजे बंदीनं वाचतं ते जे अजून शिल्लक आहे तेच, मोडलेलं आपल्या हयातीत तरी परत येत नाही. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडच्या पाण्याखालच्या डोंगरांवर पण हेच, तिथं ऑरेंज रफी नावाच्या माशासाठी जाळी ओढली, हा मासा स्वतःच दोनशे वर्षांवर जगू शकतो, तीसेक वर्षं तर वयात यायलाच घेतो. ताटात आला तो मासा कदाचित १८५७ च्या आधीचा.

आता लिंबाकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी भीती तीच आहे.

आपण कोळसा-पेट्रोल जाळून जो कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. तो पाण्यात विरघळला की त्याचं सौम्य आम्ल होतं, सोड्याच्या बाटलीत असतं तेच. कारखाने सुरू व्हायच्या आधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढा आम्लपणा जास्त) ८.२ च्या आसपास होता, आता ८.१. ऐकायला किरकोळ, पण पीएचचं माप भूकंपाच्या मापासारखं आहे, त्या एका दशांशात आम्लपणा ३० टक्क्यांच्या आसपास वाढला. समुद्र अजून आंबट झालेला नाही, खारटच आहे, फक्त लिंबाच्या दिशेनं सरकलाय.

मामांना हे पटेना. हवा पाण्यात जाऊन चुना कसा खाईल? म्हटलं दाखवतो. टपरीवरून पानाला लावतात तो चुना आणला, काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, सकाळी वरची निवळी अलगद काढून घेतली, त्यात अर्ध्याला अर्धं पाणी घातलं. मग स्ट्रॉ घेतली आणि फुंकायला लागलो (फुंकायचंच, ओढायचं नाही, तोंड भाजेल). दोन मिनिटांत पाणी दुधासारखं झालं. हे सगळ्यांना शाळेतलं आठवत असेल, निवळी दुधाळ होते, परीक्षेत दोन मार्काला यायचं. ती पांढरी पूड म्हणजे चुनखडी, कोरलच्या घराचा माल. शाळेत प्रयोग इथं संपायचा. पण थांबू नका, फुंकत राहा. मी पाच मिनिटं फुंकलं, दहा फुंकलं, मामी म्हणाली हे येड्यासारखं काय करलालाव, गाल दुखायला लागले, वीसेक मिनिटांनी दूध पातळ व्हायला लागलं आणि मागच्या कॅलेंडरवरच्या तारखा दिसायला लागल्या. पूर्ण नितळ नाही झालं, माझा दम संपला. पण जो श्वास चुनखडी तयार करत होता, तोच जास्त झाल्यावर तिला परत विरघळवत होता, एवढं मामांनी डोळ्यानं बघितलं. लिंबूसुद्धा लागलं नाही.

समुद्रात हेच मोठ्या भांड्यात चाललंय. लोफेलियासारखं कोरल ज्या प्रकारचा चुना वापरतं त्याचं नाव अरागोनाइट. समुद्रात एका ठराविक खोलीखाली पाणी असं असतं की अरागोनाइट त्यात विरघळतो, कारण थंड पाणी, जास्त दाब आणि खाली सडणाऱ्या भुग्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड. ही रेषा उत्तर अटलांटिकमध्ये दोन हजार मीटरच्या खाली, पण उत्तर पॅसिफिकमध्ये कुठे कुठे काही शे मीटरवरच, आणि म्हणूनच लोफेलियाची मोठी रानं अटलांटिकमध्ये आहेत, पॅसिफिकच्या त्या बाजूला नाहीत. आपण जेवढा धूर सोडू तेवढी ही रेषा वर सरकते. २००६ मध्ये एका अभ्यासात हिशेब मांडला होता की असंच चालू राहिलं तर शतक संपताना थंड पाण्यातल्या कोरलच्या माहीत असलेल्या जागांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास ह्या रेषेच्या खाली गेलेल्या असतील.

जिवंत कोरल काही काळ तग धरतं, कारण त्याच्या घरावर स्वतःचं मांस असतं, जास्त ताकद लावून ते चुना चढवत राहतं. पण खालच्या मेलेल्या फांद्या उघड्या असतात. आणि आत्ताच वर म्हटलं, बारा बिऱ्हाडं राहतात ती त्या मेलेल्या फांद्यांत. म्हातारपणी हाडं आतून पोकळ होतात तसं होतं, वरून बघितलं तर कोरल ठीक दिसतंय आणि खालचा आधार ठिसूळ होऊन वजन पेलेना, एक दिवस सगळं कोसळतं. हे ट्रॉलपेक्षा वाईट अशासाठी की ट्रॉलला रेघ मारून थांबवता येतं, ह्याला नकाशावर कुठं रेघ मारणार?

बाकीचे त्रास पटकन सांगतो. पाणी गरम होतंय, भूमध्य समुद्रात लोफेलिया आधीच १३-१४ अंशांत, सहनशक्तीच्या कडेला बसलंय. तेल काढणं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझनचा स्फोट झाला, तिथून ११ किलोमीटर लांब आणि १,३७० मीटर खोलवरच्या कोरलवर काही महिन्यांनी तपकिरी चिकट गाळ बसलेला सापडला. आणि येऊ घातलेलं खाणकाम. ह्यात आपण पण आहोत, हिंद महासागराच्या मधोमध ७५,००० चौरस किलोमीटर तळावर धातूच्या गोट्यांचा शोध घ्यायचा हक्क भारताकडे आहे, त्यासाठीच २०२१ ची डीप ओशन मिशन आणि तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारी मत्स्य ६००० पाणबुडी. त्या गोट्यांच्या मैदानांत लोफेलियासारखी रानं नाहीत, पण तिथंही जीव आहेतच, हळू वाढणारे. पाणबुडीचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. खाली जाऊन आधी नीट बघून घ्यावं, उपसायचं नंतर ठरवावं, एवढंच वाटतं.

वाचवायचं काय चाललंय? पहिलं खोल कोरलचं राखीव क्षेत्र १९८४ मधलं, फ्लोरिडासमोरच्या ओक्युलिना बँक्स. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला की देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रात अशा नाजूक जागा ओळखा आणि तळाची मासेमारी तिथं थांबवा. त्यातून एक नियम निघाला की जाळ्यात ठराविक वजनापेक्षा जास्त कोरल आलं तर बोटीनं तिथून हलायचं. मला हा नियम म्हणजे काचेच्या दुकानात बैल सोडून, फुटल्याचा आवाज आला की त्याला शेजारच्या दुकानात न्यायचं, तसा वाटतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. युरोपनं २०१६ मध्ये ८०० मीटरच्या खाली तळाचा ट्रॉल बंदच केला, आणि २०२२ मध्ये अटलांटिकमधल्या ८७ जागा तळाच्या जाळ्यांना बंद केल्या. ही साधी खोलीची रेघ मला जास्त पटते, कप्तानाला कोरल ओळखायची गरज नाही, खोली मोजता आली की झालं.

खुल्या समुद्राचा करार २०२३ मध्ये झाला, भारतानं २०२४ मध्ये सही केली, सप्टेंबर २०२५ मध्ये ६० देशांची मंजुरी पुरी झाली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू, आमच्याकडे होम मैदानावर सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरलेला असतो ते दिवस. त्यानं पहिल्यांदाच कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या समुद्रात राखीव क्षेत्र करायची वाट मिळाली. स्वीडनमध्ये तर मोडलेल्या रानाजवळ सिमेंटचे ढाचे खाली सोडून त्यावर कोरल वाढवायचा प्रयत्न चालू आहे, वाढ तीच, वर्षाला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर, त्यामुळे निकाल बघायला आपली नातवंडं लागतील.

हे सगळं मामांना दोन-तीन रात्री गच्चीवर बसून सांगितलं. त्यांनी मधे मधे हूं केलं, शार्कच्या अंड्यांना हसले. शेवटी विचारलं, "मग ही अंगठी काढू का ठेवू?" मी म्हटलं, मामा, ते तुमचं तुम्ही बघा, ते जनावर तर कधीच गेलं. त्यांनी काढली नाही. सराफाकडून पॉलिश पण करून घेतली नाही, कारण पॉलिश म्हणजे परत वरचा थर घासून काढणं, आणि मी सांगितलं होतं की तो थर बनायला किती वर्षं लागली असतील.

आता लिंबू डाव्या हातानं पिळतात. निम्मं ताटाबाहेर सांडतं, मामी ओरडते.